पंचवीस अक्षरांचा श्लेष

सी के जी के जी ए के सी,
एस आर एल एम वाय डी सी सी,
टी जी एस सी,
आर एस जी के सी.

हे बडबडगीत नाही. फिलिपाइन्सच्या समुद्रात सापडणाऱ्या ‘कोनस मॅगस’ या गोगलगायीच्या विषातलं हे एक पेप्टाइड. शंकूसारखा निमुळता, बोटभर लांबीचा शंख. मॅगस म्हणजे मांत्रिक. एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल: सी सिस्टीन, के लायसीन, जी ग्लायसीन. चरण अर्थात मी पाडलेत. मूळ संहितेत विराम नाही. पण मोह आवरला नाही, कारण २५ अक्षरांत सी सहा वेळा येतो आणि कानाला तो यमकासारखा लागतो. पहिले दोन चरण आठ-आठ अक्षरांचे, अनुष्टुभात खपून जातील. पुढे छंद मोडतो.

यमक मात्र मोडत नाही, उलट तिथेच खरी गंमत सुरू होते. प्रत्येक सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि दोन सिस्टीन भेटले की त्यांची गाठ बसते. इथे पहिल्याची गाठ सोळाव्याशी, आठव्याची विसाव्याशी, पंधराव्याची पंचविसाव्याशी. कवितेतलं यमक ओळी बांधल्याचा नुसता भास देतं, इथे ते खरोखरच बांधतं. लांबलचक सुतळी तीन गाठींत आवळली जाते आणि आठव्या-पंधराव्या अक्षरांमधला तुकडा फासासारखा वर उचलला जातो. त्या फासावर एक ‘वाय’ बसलाय, टायरोसीन. अख्ख्या रचनेत तो एकदाच येतो, तेराव्या जागी. मोजून पाहा: आधी बारा, नंतर बारा. तो बदलून दुसरं आम्ल बसवलं की विषाची पकडच जाते. मंत्रातलं बीजाक्षर म्हणतात ते हेच असावं.

पकड कशावर? मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. संदेश आला की दार उघडतं, कॅल्शियम शिरतं, मग पुढच्या पेशीला निरोप जातो. या दारांच्या अनेक जाती आहेत. आपलं पेप्टाइड ‘एन’ जातीच्या दारात बूच मारून बसतं. माशाच्या शरीरात स्नायूंना निरोप जातो तो बहुतांशी याच दारांतून. त्यामुळे गोगलगायीनं पोकळ, भाल्यासारखा दात मारला की मासा जागीच लुळा पडतो. इतक्या मंद चालीच्या प्राण्याला मासा पकडायचा तर दुसरा इलाज तरी काय होता!

सस्तन प्राण्यांत स्नायूंना निरोप देणारी दारं वेगळ्या जातीची असतात. ‘एन’ जातीची दारं पाठीच्या कण्यात, वेदनेचा निरोप वर मेंदूकडे धाडणाऱ्या तंतूंच्या टोकाशी दाटीनं असतात. म्हणजे तीच २५ अक्षरं माशानं वाचली की अर्थ होतो ‘हलू नकोस’, आणि माणसाच्या कण्यानं वाचली की ‘दुखतंय हे सांगू नकोस’. इतका नेमका श्लेष पंडित कवींनाही क्वचितच साधला असेल.

हा दुसरा अर्थ लागला तो आडवाटेनं. मनिलात वाढलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत डीएनएवर काम करून मायदेशी परतले, तेव्हा प्रयोगशाळेत त्या कामाची उपकरणं नव्हती. शंख मात्र मुबलक होते, म्हणून त्यांनी शंख घेतले. पुढे युटा विद्यापीठात क्रेग क्लार्क या विद्यार्थ्यानं विषाचे वेगवेगळे अंश थेट उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिले. एका अंशानं उंदीर झोपी गेला, दुसऱ्यानं अंग खाजवत सुटला, तिसऱ्यानं थरथरू लागला. विष म्हटलं की मेला की जगला एवढंच बघायची रीत. या पोरानं उंदीर करतोय काय ते पाहिलं. मला तर हा रसिकाचा स्वभाव वाटतो. थरथरवणारं पेप्टाइड, म्हणजे आपलीच ही २५ अक्षरं, वेगळं काढलं मायकेल मॅकिंटॉशनं. तो तेव्हा शाळा संपवून नुकताच आला होता.

डिसेंबर २००४मध्ये अमेरिकेत या पेप्टाइडला वेदनेवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. नाव झिकोनोटाइड. प्रयोगशाळांत पाठभेद बरेच करून पाहिले गेले होते, तरी औषध झालं ते मूळ संहितेबरहुकूम, एकही अक्षर न बदलता. फक्त ते आता गोगलगायीशिवाय, रासायनिक रीतीनं घडवतात. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही.

पण श्लेषाला तिसरा अर्थही आहे, आणि तो सुखाचा नाही. ‘एन’ दारं शरीरात इतरत्रही आहेत. रक्तातून दिलं तर रक्तदाब कोसळतो. मेंदूपर्यंत पोचलं की गोंधळ उडतो, नसलेलं दिसू लागतं. म्हणून पोटाच्या कातडीखाली पंप बसवायचा, त्यातून एक बारीक नळी कण्याच्या द्रवात सोडायची आणि दिवसाकाठी जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅमनं सुरुवात करून, रोग्याशी बोलत बोलत, थोडं थोडं वाढवत जायचं.