गोंधळ नको म्हणजे?

भावाच्या लग्नाआधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'लग्न साधंच करू. उगाच गोंधळ नको.' पाच मिनिटांत आत्याचा फोन. "गोंधळ नको म्हणजे? कुळाचाराचं काय करायचं मग?"

आधी मी हसले, मग ओशाळले. मला म्हणायची होती गडबड. आत्याला ऐकू आली तुळजापूरची भवानी.

गोंधळ झाला. या खेपेला मी तो पहिल्यांदाच नीट बसून पाहिला. धान्याचा चौक, त्यावर घट, पेटलेली दिवटी, संबळ, तुणतुणं. मग तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, सगळ्यांना नावानिशी आमंत्रण. कुणाला कधी बोलवायचं, आख्यान कधी, आरती कधी, सगळं ठरलेलं. त्या दिवशी घरात अव्यवस्था होती ती जेवणाच्या पंगतीत. गोंधळात नव्हती.

मग या शब्दाला 'अव्यवस्था' हा अर्थ चिकटला कसा? मला वाटतं, भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यांमुळे. आत बसलेल्याला आख्यान ऐकू येतं, बाहेरच्याला नुसता आवाज. आणि हे आजचं नाही. मोल्सवर्थच्या 1857च्या कोशातही देवीच्या गोंधळाशेजारी हा दुसरा अर्थ बसलेला आहेच.

असे शब्द आणखी आहेत. तमाशा फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ होता बघण्यासारखं काही. आपण त्यातून एक अस्सल लोककला उभी केली आणि भांडणाऱ्याला म्हणू लागलो, 'तमाशा करू नकोस.' जत्रा हे यात्रेचंच बदललेलं रूप. पण यात्रेला जाणारा भाविक ठरतो आणि गर्दी दिसली की आपण म्हणतो, 'काय जत्रा भरलीय!' उलट उत्सव, महोत्सव, सोहळा हे शब्द कुणी कुणाच्या अंगावर फेकत नाही. ते निमंत्रणपत्रिकेवर छापले जातात.

सगळाच दोष तुच्छतेचा नाही. शिमग्याला बोंब मारणं हा त्या सणाचाच भाग आहे, त्यामुळे 'शिमगा करणे' हा वाक्प्रचार सणाच्या पोटातूनच आला. पण गोंधळाबद्दल असं म्हणता येत नाही, तमाशाबद्दलही नाही. ज्यांच्या कलेवर आपण रात्री जागवल्या, त्यांच्याच कलेच्या नावानं आपण दिवसा एकमेकांना झापतो.

'सण' मात्र या सगळ्यातून सुटला. तो 'क्षण' या शब्दापासून आला. अमरकोशात क्षण हा उत्सवाचा समानार्थी शब्द आहे. सण प्रत्येकाच्या घरी येतो, त्याला भिंतीपलीकडून ऐकणारं कुणी उरत नाही. म्हणून तर तो सुटला नसेल?

शब्दांवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. कालच ऑफिसात एका एक्सेल शीटकडे बघून माझ्या तोंडून गेलंच, 'काय गोंधळ आहे हा!' सवय आहे, लगेच जाणार नाही. पण बोलून झाल्यावर कानात संबळाचा आवाज आला आणि मी वाक्य बदललं. शीट चुकली होती. गोंधळ नव्हता.