मूल्यशिक्षण: पडद्यावरचे आणि वर्गातले

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की ‘दीक्षा’वरचा पाठ उघडतो. अपूर्णांक पुन्हा समजून घ्यायला, कविता ऐकायला ही सोय चांगलीच. पण प्रामाणिकपणावरची चित्रफीत पाहिलेले मूल प्रामाणिक होते असे गृहीत धरले जाते, तिथे माझी हरकत सुरू होते.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ साली जिल्हा परिषदेच्या सुमारे ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले. पाया राज्यघटनेतील मूल्यांचा; रीत मात्र साधी. जोडीने काम, गटात चर्चा, खेळ. समता म्हणजे काय, हे मुलाला स्वतःची पाळी येईपर्यंत थांबताना कळते. पडद्यापुढे थांबावे लागत नाही. कंटाळा आला की बोट पुढे सरकते.

जालन्याच्या एमआयडीसीत हा फरक फार जवळून दिसतो. इथल्या पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. त्यांच्या मुलांची घरची बोली वेगळी, वर्गाची भाषा वेगळी. मराठी वाचताना अडखळलेल्या पोराला वर्ग हसला, तर बंधुतेची परीक्षा तिथेच होते. तेव्हा कोणती चित्रफीत लावणार? (आणि घरी पाहा म्हणावे, तर एकुलता मोबाइल बापाबरोबर पाळीवर गेलेला.)

तंत्रज्ञानाला इथे जागाच नाही, असे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२० च्या ग्लोबल टीचर पुरस्कारामुळे क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणून गाजले. मला त्यांचे दुसरे काम मोठे वाटते: वैर असलेल्या देशांतील मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लावण्याचे. तिथे पडद्यापलीकडे उत्तर देणारा माणूस असतो. आपल्याकडेही त्या अडखळणाऱ्या पोराच्या गावाकडच्या आजीची गोष्ट मोबाइलवर मुद्रित करून वर्गात ऐकवावी, आणि मराठी मुलांनी तिचा अर्थ त्यालाच विचारावा. मग मोबाइल कामी आला, असे मी म्हणेन.

शासनाला मात्र पुरावा हवा असतो. मुले शाळाबाह्य होऊ नयेत म्हणून २०१६ साली विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’वर चढवण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधामुळे तो बारगळला, वृत्ती टिकली: उपक्रम झाला, छायाचित्र चढले, काम संपले. हसणाऱ्या वर्गाशी शिक्षक जी दहा मिनिटे बोलतो त्यांचे छायाचित्र निघत नाही, आणि नेमक्या त्याच दहा मिनिटांत त्याला माहिती भरायची असते.