‘सुट्टी’ या शब्दातील हमी

फ्रँक्लिन रूझवेल्ट ह्यांनी १२ मार्च १९३३ च्या रविवारी रात्री बँकांविषयी जे नभोवाणी-भाषण केले, त्याची प्रशंसा बहुधा एकाच गुणासाठी होते : ते सोपे आहे. (‘शेकोटीजवळच्या गप्पां’पैकी ते पहिले मानले जाते, ते नाव मात्र मे महिन्यातील दुसऱ्या भाषणाच्या वेळी पडले.) ही प्रशंसा खोटी नाही, अपुरी आहे. बँक ठेवी तिजोरीत कोंडून ठेवीत नाही, त्या गुंतविते. म्हणून सर्वांनी एकदम मागणी केली तर सुदृढ बँकही ती पुरी करू शकत नाही, हे विवेचन खरोखर सुबोध आहे. परंतु श्रोत्यांची मनोभूमी त्यापूर्वीच एका शब्दाने तयार केली होती. तो शब्द ‘सुट्टी’.

महामंदीत हजारो बँका बुडाल्यावर, ६ मार्चच्या उद्घोषणेने देशभरातील बँकांचे व्यवहार थांबविले. तिचा आधार शत्रूशी व्यापारास प्रतिबंध करणारा १९१७ चा युद्धकालीन कायदा होता. आज्ञा युद्धाच्या कायद्यातील, नाव मात्र विरंगुळ्याचे! हे नाव रूझवेल्टांनी घडविलेले नव्हे. मिशिगनच्या गव्हर्नराने फेब्रुवारीतच त्याच नावाखाली आपल्या राज्यातील बँका बंद केल्या होत्या. तथापि त्याचे सामर्थ्य ह्या भाषणात प्रकटले. ‘बंदी’ किती काळ चालेल हे त्या शब्दावरून कळत नाही. ‘सुट्टी’च्या अर्थातच तिचा शेवट गृहीत असतो.

भाषणातील वाक्ये ह्याबाबत कमालीची सावध आहेत. प्रत्येक बँक उघडेलच, कोणाचेही नुकसान होणार नाही, असे आश्वासन त्यांत नाही. पहिल्या दिवशी न उघडलेली बँक बुडालीच असे समजू नये, एवढेच ती सांगतात. वाक्यांनी नाकारलेली हमी नामाने देऊन टाकली. १३ मार्चपासून बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि लोक पैसे परत घेऊन आले, ह्याचे श्रेय शैलीच्या सोपेपणाला देणारे समीक्षक ही विसंगती ओलांडून जातात. बँकांच्या मालमत्तेच्या तारणावर नव्या नोटा काढण्याची मुभा देणारा ९ मार्चचा कायदा पाठीशी नसता, तर ह्या नामाचे वजन किती भरले असते, हाही प्रश्न ते विचारीत नाहीत.

मराठीत हा प्रसंग सांगताना ‘सक्तीची सुट्टी’ असे लिहावेसे वाटते. नुसत्या ‘बँकेच्या सुट्टी’ने आपल्याकडे सणावाराचाच बोध होतो. मूळ शब्दाने जे झाकले, ते भाषांतरातील विशेषण उघडे करते.

त्या मार्चमध्ये परवाना न मिळालेल्या बँकांपैकी कित्येक पुढे कधीच उघडल्या नाहीत. त्यांच्या ठेवीदारांची ‘सुट्टी’ संपली नाही. १६ जूनच्या ग्लास-स्टीगल कायद्यात ठेवींच्या विम्याची तरतूद झाली, तीही रूझवेल्टांच्या मनात तिच्याविषयी साशंकता असताना. १ जानेवारी १९३४ पासून तो विमा २,५०० डॉलरपर्यंत लागू झाला. ‘विमा’ म्हटले की रक्कम सांगावी लागते. ‘सुट्टी’ म्हणताना ती सांगावी लागली नव्हती.