माशांचीं छायाचित्रें आणि प्रकाशाचें औचित्य

छायाचित्रण ही कला कीं नुसती कारागिरी, हा वाद आतां जुना झाला आहे. तरीहि आमच्या टीकाकारांची दृष्टि छायाचित्रांकडे वळते ती बहुधा माणसांच्या मुद्रा आणि निसर्गदेखावे यांच्यापुरतीच. दिवाणखान्यांतील कांचेच्या टाकींत पोहणाऱ्या माशाचें चित्र हौसेची बाब म्हणून सोडून दिलें जातें. मला असें वाटतें कीं, सत्य आणि शोभा यांच्यामधील जो तंटा सर्व कलांत थोडाबहुत चालू असतो, तो या लहानशा क्षेत्रांत फार स्पष्टपणें दृष्टीस पडतो. आणि कॅमेऱ्यापासून वेगळा केलेला फ्लॅश कोठें ठेवावा, या साध्या प्रश्नांत तो सांठविलेला आहे.

अशा वेगळ्या फ्लॅशची गरज कां पडते तें प्रथम पाहूं. टाकीवरचा दिवा डोळ्यांना पुरेसा वाटला तरी क्षणभर स्थिर न राहणाऱ्या माशाचें चित्र घेण्यास तो अपुरा पडतो. म्हणून नवशिका मनुष्य कॅमेऱ्यावरच बसविलेला फ्लॅश उडवितो. मींहि पहिल्यानें तेंच केलें, आणि हातीं काय आलें, तर कांचेंत उमटलेला एक पांढरा गोळा! प्रकाश ज्या कोनानें कांचेवर पडतो त्याच कोनानें परत फिरतो, हा शाळेंत पाठ केलेला नियम त्या दिवशीं मला खरोखर समजला. भिंग कांचेला जवळजवळ भिडवून सरळ धरावें आणि फ्लॅश बाजूस किंवा टाकीच्या वर न्यावा, म्हणजे परतलेले किरण भिंगांत शिरत नाहींत. फ्लॅशची शक्ति कमी ठेवली तर त्याची चमक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि अल्प काळ टिकते, आणि परांची थरथर जागच्या जागीं गोठते. येथें कारागिराचें काम संपतें. फ्लॅश बाजूस असावा कीं वर, या प्रश्नापासून मात्र टीकेचा प्रांत सुरू होतो.

ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकारानें १८९६ सालीं एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. वस्तूचा गोलावा दाखविण्यासाठीं चित्रकार तिची वरची बाजू उजळ आणि खालची काळसर रंगवितो. निसर्ग प्राण्यांच्या अंगावर नेमकें याच्या उलट करतो. पाठ गडद, पोट फिकें. वरून येणारा सूर्यप्रकाश आणि हे रंग एकमेकांस खोडून काढतात, व प्राण्याचा आकार भोंवतालांत विरून जातो. पुष्कळशा माशांचा रंग असाच असतो. कांगो नदीच्या प्रदेशांतील सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस हा मासा पाठ खालीं करून उलटा पोहतो, आणि त्याचें पोट पाठीहून काळें असतें! याहून बोलका पुरावा कोणता हवा?

निऑन टेट्रा तर आणखी पेंच घालतो. १९३६ सालीं शास्त्रीय नांव मिळालेल्या या चिमुकल्या माशाच्या कुशीवरील निळा पट्टा ग्वानीनच्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परतलेल्या प्रकाशाचा खेळ आहे. दिव्याचा किंवा पाहणाऱ्याचा कोन बदलला कीं निळ्याचा हिरवट होतो. मग या माशाचा खरा रंग कोणता? प्रकाशाची दिशा सांगितल्यावांचून या प्रश्नाला उत्तरच देतां येत नाहीं.

१९२६ सालीं विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनीं फ्लॉरिडाजवळील ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशीं समुद्राच्या पाण्याखालीं माशांचीं रंगीत छायाचित्रें घेतलीं. तीं नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जानेवारी १९२७ च्या अंकांत प्रसिद्ध झालीं. पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटविली जाई. अडचणीमुळें कां होईना, उजेड आला तो सूर्याच्याच दिशेनें. पुढें १९३१ च्या सुमारास हॅरोल्ड एजर्टन यांनीं विजेच्या फ्लॅशचा पाया घातला, आणि हळूहळू प्रकाश वाटेल तेथून टाकण्याची मुभा मिळाली. मुभेबरोबर विवेकाची जबाबदारी आली.

येथें कोणी आक्षेप घेईल: वरचा प्रकाश माशाला लपवितो; छायाचित्र तर दाखविण्यासाठीं असतें. मग वरूनच प्रकाश द्या म्हणणें म्हणजे नटाला रंगभूमीवर आणून पडदा पाडण्यासारखें नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. शिवाय एकटा फ्लॅश वरून दिल्यास पोटाखालीं कठोर छायाहि पडते. परंतु तळाशीं फिकी वाळू पसरली तर ती तोच प्रकाश मृदु करून वर परतविते; आणि बाजूस दुसरा, अगदीं मंद फ्लॅश ठेवला तर आकार उठून दिसतो. मुख्य प्रकाश वरचा आणि बाजूचा त्याचा अनुचर, इतकें तारतम्य राखलें म्हणजे पुरे. अकराव्या शतकांतील क्षेमेंद्रानें औचित्य हा काव्याचा प्राण मानला. या चित्रांनाहि तीच कसोटी लागू आहे.

आजकाल वाखाणलीं जाणारीं बरींच चित्रें या कसोटीस उतरत नाहींत. पार्श्वभूमि काळीकुट्ट, दोन्ही बाजूंनीं सारख्याच जोराचे फ्लॅश, आणि मधोमध पर फुलविलेला बेटा मासा, सोनाराच्या मखमली पेटींतील दागिन्यासारखा! प्रत्येक खवला मोजतां येतो. पाणी मात्र कोठेंच जाणवत नाहीं. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ओळख पटविण्यासाठीं असें चित्र अवश्य असावें. पण कलाकृति म्हणून तें भाटाच्या स्तुतीसारखें आहे: विशेषणें भरपूर, राजा बेपत्ता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाकींतल्या या माशांना पापण्या नसतात. अंधाऱ्या खोलींत एकाएकी फ्लॅश उडाला तर डोळे मिटून घेण्याची सोय त्यांच्यापाशीं नाहीं. म्हणून खोलींतला दिवा लावून ठेवावा, चमका मोजक्याच द्याव्या, आणि मासा बुजला तर त्या दिवशीं कॅमेरा बाजूस ठेवावा. येथें दया आणि कला यांचा मार्ग एकच आहे. कारण भ्यालेला मासा पर अंगाशीं मिटून घेतो, आणि तें भय चित्रांत उतरल्यावांचून राहत नाहीं. माशाचें चित्र पाहतांना वाचकांनीं रंगाला भुलण्यापूर्वीं उजेड कोठून आला एवढें शोधून पाहावें. चित्रकारानें माशाकडे पाहिलें कीं केवळ आपल्या साधनांकडे, हें तेथेंच कळून येईल.