प्रणालीबदलाचा काळ: ‘सँडवर्म’मधील मर्स्क-प्रकरणाचे परीक्षण

अँडी ग्रीनबर्ग यांचा ‘सँडवर्म’ हा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला. रशियन लष्करी गुप्तहेरांच्या एका गटाने युक्रेनवर व पर्यायाने जगावर केलेल्या संगणकीय आक्रमणांचा तो इतिहास आहे. त्यातील मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे प्रकरण सर्वाधिक वाचले गेले. आणि ते योग्यच होय, कारण निवेदनाची हातोटी तेथे विशेष साधली आहे. तथापि चालत्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम केव्हा बदलावी, या प्रश्नाच्या दृष्टीने ते वाचू गेल्यास त्याची एक मोठी उणीव ध्यानात येते.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्कची यंत्रणा काही तासांत निकामी केली. कंपनीच्या ७६ बंदर-टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना झळ पोहोचली. न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे त्यांपैकीच एक. निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि लासलगाव परिसरातील कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. जूनअखेर द्राक्षांचा हंगाम संपलेला असतो, एवढेच नाशिकचे सुदैव. हाच प्रकार फेब्रुवारीत घडता, तर रीफर कंटेनर दाराशी खोळंबून राहण्याचा अर्थ येथील बागायतदारास निराळा सांगावा लागला नसता. ग्रंथात मात्र मुंबई येते ती बंदरांच्या यादीतील एक नाव म्हणून. न्यू जर्सीच्या फाटकापाशी थांबलेल्या मालमोटारींचे वर्णन जितके सजीव, तितके येथले मौन ठळक वाटते.

पण मुख्य आक्षेप हा नव्हे. मर्स्कचे काही सर्व्हर हल्ल्याच्या दिवसापर्यंत विंडोज २००० वर चालत होते, असे ग्रीनबर्ग नोंदवितात. त्या प्रणालीचा आधार जुलै २०१० मध्येच संपला होता. २०१६ साली कंपनीतील काही तंत्राधिकाऱ्यांनी सुरक्षाव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा आग्रह धरला. तिला मंजुरी मिळाली, पैसाही मिळाला. परंतु वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात तिचा अंतर्भाव नसल्यामुळे ती पार पाडून त्यांच्या बोनसमध्ये काही भर पडणार नव्हती, आणि ती मागे पडली. अशी मौलिक माहिती हाती असता लेखक ती थोडक्यात आटोपतो. घाना येथील वीज गेल्यामुळे वाचलेला एकमेव डोमेन कंट्रोलर आणि त्याची प्रत विमानाने इंग्लंडला नेण्याची धावपळ, यांतच तो रमतो. कथा रंगते, कारणमीमांसा दुबळी राहते.

वास्तविक येथे दोन भिन्न निर्णय आहेत. चालू आवृत्तीतील छिद्र बुजविणारी दुरुस्ती घेणे हा एक. संपूर्ण आवृत्ती बदलणे हा दुसरा. पहिला दिवसांचा, दुसरा महिन्यांचा. नॉटपेट्याने वापरलेल्या छिद्रावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’नंतर विंडोज एक्सपी व सर्व्हर २००३ यांनाही ती अपवाद म्हणून मिळाली, विंडोज २००० ला मिळाली नाही. म्हणजे मोठा निर्णय लांबविणाऱ्याने छोट्या निर्णयाची वाटच बंद करून घेतली होती. शिवाय जुन्या यंत्रातून चोरलेल्या पासवर्डांच्या बळावर हा प्रोग्राम दुरुस्त यंत्रांतही शिरत असे. तेव्हा ‘माझा सर्व्हर अद्ययावत आहे’ या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही. जाळ्यातील सर्वांत जुने यंत्र सर्वांची पातळी ठरविते.

याचा अर्थ नवे येताच ते स्वीकारावे, असा होतो काय? ग्रंथातीलच पुरावा त्याविरुद्ध जातो. नॉटपेट्या पसरला तो ‘एम.ई.डॉक’ या युक्रेनियन हिशेब-प्रोग्रामच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प केली व भारतीय विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची पाळी आली. घाईचा तोटा सेंटओएसच्या उदाहरणात अधिक स्पष्ट दिसतो. २०२९ पर्यंतच्या आधाराच्या भरवशावर ज्यांनी आठवी आवृत्ती घेतली, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळले की तो आधार २०२१ अखेर संपणार; सातवीवर थांबलेल्यांना मात्र ३० जून २०२४ पर्यंत अवधी मिळाला. आधाराची मुदत ही उत्पादकाची प्रतिज्ञा असते, पंचांगातील ग्रहण नव्हे!

मग काळ ठरवावा कशावरून? ग्रीनबर्ग यांच्या वृत्तांतातच याचे उत्तर दडले आहे, पण ते त्यांनी बाहेर काढलेले नाही. मर्स्कपाशी बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती होत्या. नव्हती ती डोमेन कंट्रोलरची. सुमारे दीडशे कंट्रोलर परस्परांच्या प्रती आहेत, तेव्हा सगळे एकदम जाणार नाहीत, असे गृहीत धरले गेले होते. नव्या प्रणालीवर सर्व काही मुळापासून उभारण्याची रंगीत तालीम एकदा जरी झाली असती, तरी पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारले असते: कंट्रोलर आणायचा कोठून? प्रणालीबदलाची तालीम आणि संकटोत्तर उभारणीची तालीम या वस्तुतः एकच आहेत. हल्ल्यानंतर मर्स्कने सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले. हा पराक्रम खरा, पण तीच ती तालीम, भर प्रयोगात आणि २५ ते ३० कोटी डॉलर खर्चून केलेली.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) या दोहोंचे मुख्यालय असलेल्या नाशिकमध्ये हा विचार पुस्तकी नाही. प्रवेश, परीक्षा, निकाल या चक्रात मोकळा पंधरवडा क्वचितच सापडतो, आणि सापडलाच तर तो दुसऱ्याच कामाला जातो. बदलाचा खर्च ठराविक तारखेला, ठराविक अधिकाऱ्याच्या नावे पडतो. न बदलण्याचा खर्च कोणाच्याच नावे पडत नाही. मर्स्कमध्ये नेमके हेच घडले, आणि मॉस्कोच्या दिशेने पाहणाऱ्या ग्रंथकाराला कोपनहेगनमधील ही गोष्ट अधिक तपासावीशी वाटली नाही.