डॉक्टर ॲव्हलांच राजीनामा देत नाही

'द सिस्टर्स ऑफ मर्सी' या ब्रिटिश बँडमध्ये चार दशकांनंतरही टिकून असलेले जुने सदस्य दोनच. एक गायक अँड्र्यू एल्ड्रिच, दुसरा डॉक्टर ॲव्हलांच. हा डॉक्टर म्हणजे ड्रम मशीन.

१९८० साली लीड्समध्ये एल्ड्रिच आणि गिटारिस्ट गॅरी मार्क्स यांनी बँड सुरू केला. पहिल्या सिंगलवर ड्रम्स एल्ड्रिचनेच वाजवले. पुढे ते काम मशीनकडे गेलं आणि तो माइकपुढे आला.

गॉथ रॉक म्हटलं की काळे कपडे, स्टेजवरचा धूर आणि खर्जातला आवाज आठवतो. ते सगळं इथेही आहे. पण मला हा बँड कळला तो ड्रम्समुळे. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. थांबायला सांगितलं नाही तर लूप थांबत नाही, हे रोज बघतो. हाडामासाचा ड्रमर गायकाचा आवाज कापरा झाला की हात थोडा सैल सोडतो. डॉक्टर सोडत नाही. १९८५च्या 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज' अल्बममधलं 'मॅरिअन' ऐका. माणूस पाण्यापलीकडे कुणालातरी वाचवायला हाका मारतोय आणि खाली ठेका तसाच, ढिम्म. या गाण्यातली भीती भुताखेतांची नाही, त्या ढिम्मपणाची आहे.

त्याच वर्षी बँड फुटला. मार्क्स गेला, मग वेन हसी आणि क्रेग ॲडम्स गेले. त्या दोघांना 'द सिस्टरहुड' हे नाव हवं होतं. एल्ड्रिचने घाईने त्याच नावाने सिंगल काढून ते अडवलं, म्हणून ते 'द मिशन' झाले. १९८७च्या 'फ्लडलँड'मध्ये एल्ड्रिचसोबत पॅट्रिशिया मॉरिसन होती, पण गाणी त्याचीच. 'धिस करोजन' जवळपास अकरा मिनिटांचं. निर्माता जिम स्टाइनमन, सोबत भलामोठा कोरस. एवढा थाट सहज हास्यास्पद झाला असता. डॉक्टरच्या कोरड्या ठेक्याने तो सावरला. १९९०च्या 'व्हिजन थिंग'मध्ये गिटार इतके पुढे येतात की तो थंडपणा हरवतो.

त्यानंतर रेकॉर्ड कंपनीशी भांडण झालं आणि आजवर नवा स्टुडिओ अल्बम नाही. दौरे चालू आहेत, स्टेजवर नवी गाणीही वाजतात. गिटारिस्ट बदलतात. डॉक्टरचं हार्डवेअरही अनेकदा बदललं; नाव तेवढं कायम.

मला वाटतं, या बँडचं बळ आणि कोंडी दोन्ही इथेच आहेत. मशीन रुसत नाही, नाव मागत नाही. पण 'ही चाल जमली नाही, माझी ऐक' असंही म्हणत नाही. पहिल्या अल्बमचं बरंचसं संगीत मार्क्स आणि हसीचं होतं, म्हणजे सोडून गेलेल्यांचं. 'फ्लडलँड' एल्ड्रिचने एकट्याने लिहिला खरा, पण त्यातही मला त्या भांडणाची धग ऐकू येते. पुढे भांडायला तोलामोलाचं कुणी उरलं नाही.

हेडफोन लावून 'मॅरिअन' दोनदा ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या.