भयाचा आस्वाद आणि ‘रिबेका’

एखादी कादंबरी हाती घेतल्यावर खाली ठेववली नाही, अशी कबुली देताना मराठी वाचक अजूनही थोडासा ओशाळतो. ‘करमणूक म्हणून वाचली’ एवढे सांगून तो मोकळा होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने असंख्य मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली. परंतु त्या गोडीचे स्वरूप काय, याची चिकित्सा आमच्या समीक्षेने क्वचितच केली. ती करू पाहणाऱ्यास डाफ्ने द्यू मॉरिये यांची १९३८ साली प्रसिद्ध झालेली ‘रिबेका’ ही कादंबरी फार उपयोगी पडेल. १९६४ चा ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरच बेतलेला असल्याने कथा पुष्कळांस परिचित आहे.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट येथे मुक्कामास असताना ही कादंबरी मी पुन्हा वाचली. याच जिल्ह्यातील असीरगडाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गडावरील शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन पूजा करून जातो, असे म्हणतात. तो कोणास दिसत नाही. सकाळी पिंडीवर ताजे फूल तेवढे आढळते. पाहणाऱ्याचे मन मात्र त्या फुलावरून सबंध अश्वत्थामा उभा करते, कपाळावरील भळभळत्या जखमेसह! ‘रिबेका’ची रचना याच तत्त्वावर झालेली आहे.

मॅक्सिम द विंटर या श्रीमंत विधुराशी विवाह करून एक बुजरी तरुणी मँडर्ली या त्याच्या वाड्यात येते. कथा तीच सांगते. पण तिचे नाव आपणांस अखेरपर्यंत कळत नाही. उलट, जी मरून गेली आहे त्या पहिल्या पत्नीचे, रिबेकाचे, नाव पानोपानी भेटते. रिबेका एकदाही समोर येत नाही. येतात त्या तिच्या खुणा. पुस्तकावरील ठसठशीत अक्षर, पावसाळी कोटाच्या खिशातील सुगंधी रुमाल, मिसेस डॅन्व्हर्स या कारभारणीने जशीच्या तशी राखलेली खोली. या खुणांवरून नायिका ठरवते की, पतीचे प्रेम अद्यापि रिबेकावरच आहे.

कादंबरीचे रहस्य येथे उघड करण्यात मला संकोच वाटत नाही. कारण ते कळल्याने ती उणावत नाही, हेच मला सांगावयाचे आहे. मॅक्सिमचे रिबेकावर प्रेम नव्हते, द्वेष होता. आणि त्यानेच तिला गोळी घातली होती. म्हणजे खुणा खऱ्या होत्या, अनुमान मात्र खोटे होते. सामान्य रहस्यकथेत गुन्हेगार कळला की कुतूहल संपते. येथे प्रश्न गुन्हेगाराचा नसून, भ्यालेले मन काय पाहते याचा आहे. दुसऱ्या वाचनात मॅक्सिमचे तेच मौन विरहाचे न वाटता अपराधाचे वाटू लागते, आणि प्रत्येक प्रसंग नव्याने वाचावा लागतो.

मॅक्सिमने कबुली दिल्यावर मात्र खरा पेच उभा राहतो. पती खुनी आहे हे ऐकून नायिका हादरत नाही; त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते, या जाणिवेने ती सुखावते. आणि वाचकही सुखावतो! पुढील चौकशीतून खुनी सुटावा, अशी तो मनोमन इच्छा करतो. न. चिं. केळकरांनी काव्यानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक परक्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतःचे भान राखतो, हा तिचा आशय. अशा कादंबरीत ही समाधी कसोटीस लागते. समरस झाल्यावाचून भय नाही, आणि भानावर आल्यावाचून आपण कोणाच्या बाजूस जाऊन बसलो ते कळत नाही. हिचकॉक यांच्या १९४० च्या चित्रपटात तत्कालीन नीतिसंहितेमुळे खुनाचा अपघात करावा लागला. डंख कोठे आहे, हे त्या नियमनकर्त्यांनी अचूक ओळखले होते असे म्हणावयास हवे.

कादंबरीत उणीव नाही असे नव्हे. रिबेकाच्या दुष्टपणाची मुख्य साक्ष तिच्या मारेकऱ्याचीच आहे; शिवाय तिला असाध्य रोग होता असे शेवटी सांगून लेखिकेने त्याच्या अपराधाचा भार हलका केला आहे. ही सोय वाचकाच्या मनःशांतीसाठी केलेली दिसते, आणि चोखंदळ वाचकाने ती नाकारावी.

रात्र जागवणाऱ्या पुस्तकाबद्दल ओशाळण्याचे मुळीच कारण नाही. ओशाळावयाचेच असेल तर खुनी सुटल्यावर आपण टाकलेल्या सुटकेच्या निःश्वासाबद्दल ओशाळावे. तेवढे भान जी कादंबरी वाचकास देते, तिला निव्वळ करमणूक म्हणून बाजूस सारणे आमच्या समीक्षेने आता सोडले पाहिजे.